वस्त्राचे अंतरंग

उत्तम शिवलेल्या वस्त्राचा पहिला गुण असा की, त्यामागचे श्रम पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाहीत. जोड कोठे आहे ते कळत नाही, टाका डोळ्यांस खुपत नाही. कापड जणू अंगावरच घडले असावे असा भास होतो. निष्णात सुताराच्या कामात सांधा लपतो, त्याचप्रमाणे निष्णात शिंप्याच्या कामात शिवण लपते. या लपण्यातच त्या कलेची सिद्धी आहे. परंतु याच सिद्धीमुळे कारागिराच्या वाट्यास एक प्रकारची उपेक्षाही येते. वस्त्र पाहून लोक ते परिधान करणारीची वाखाणणी करतात. फार तर मानेपाशी लावलेल्या चिठ्ठीवर ज्याचे नाव असेल त्याचा उल्लेख करतात. ज्या हातांनी ते वस्त्र बेतले, टाचले आणि पुरे केले, त्यांची आठवण सहसा कोणास होत नाही. पॅरिस येथील उच्च शिवणकलेच्या इतिहासात ही गोष्ट विशेष ठळकपणे दिसून येते; आणि म्हणूनच ती कला सर्वसामान्य लोकांसमोर उलगडून दाखविण्याचे जे प्रयत्न तेथे वेळोवेळी झाले, ते समजून घेण्यासारखे आहेत.

या कलेस फ्रेंच भाषेत ‘ओत कुत्यूर’ असे म्हणतात. ‘कुत्यूर’ म्हणजे शिवणकाम आणि ‘ओत’ म्हणजे उच्च. तिचा आरंभ सामान्यतः चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या गृहस्थापासून मानला जातो. नवलाची गोष्ट अशी की, पॅरिसच्या या अभिमानास्पद कलेचा हा आद्य पुरुष जन्माने इंग्रज होता. १८२५ साली इंग्लंडात जन्मलेला वर्थ तरुणपणी पॅरिसला गेला आणि १८५८ च्या सुमारास ‘रू द ला पे’ या रस्त्यावर त्याने आपले दुकान थाटले. तोपर्यंतची रीत अशी होती की, श्रीमंत स्त्रीने आपल्या पसंतीचे कापड आणावे, वस्त्र कसे हवे ते सांगावे आणि शिवणाऱ्याने ते निमूटपणे शिवून द्यावे. वर्थने ही रीत उलटी केली. वस्त्राची कल्पना त्याने स्वतः आधी करावयाची, ते जिवंत स्त्रियांच्या अंगावर घालून ग्राहकांस दाखवावयाचे आणि मग प्रत्येकीच्या मापाने ते शिवून द्यावयाचे, असा क्रम त्याने पाडला. चित्रकार चित्रावर सही करतो तशी आपल्या नावाची चिठ्ठीही तो वस्त्रात शिवू लागला. शिंपी या नात्याने आलेला मनुष्य अशा रीतीने वस्त्राचा कर्ता ठरला.

१८६८ मध्ये या व्यवसायातील लोकांचा संघ स्थापन झाला आणि १९४५ मध्ये ‘ओत कुत्यूर’ या संज्ञेस फ्रान्समध्ये कायद्याचे संरक्षण मिळाले. महाग वस्त्रे शिवणाऱ्या कोणासही हे नाव लावून घेता येत नाही. पॅरिसमध्ये स्वतःची कार्यशाळा असणे, तीत ठराविक संख्येने कसबी माणसे नेमलेली असणे, ग्राहकाच्या मापाप्रमाणे वस्त्र हाताने घडविणे आणि वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, नव्या वस्त्रांचे दर्शन घडविणे अशा अटी त्यासाठी पाळाव्या लागतात. अशा प्रकारे नाव आणि अटी निश्चित झाल्या, तरी कार्यशाळेचे दार मात्र फार काळ बंदच राहिले. त्याचे कारण नकलेची भीती. नव्या वस्त्रांचे दर्शन पाहावयास येणाऱ्यांत असे काही चतुर लोक असत की, ते पाहिलेले सारे मनात साठवून बाहेर पडताच कागदावर उतरवीत. आणि मूळ वस्त्र ग्राहकाच्या हाती पडण्यापूर्वीच त्याची नक्कल बाजारात येई. माद्लेन व्हिओने या विख्यात शिवणकर्तीने यावर एक विलक्षण तोड काढली होती. आपल्या कार्यशाळेतून बाहेर पडणाऱ्या वस्त्राच्या चिठ्ठीवर ती स्वतःच्या अंगठ्याचा ठसा उमटवीत असे. वस्त्र हे शेवटी हाताचे काम आहे, याची याहून बोलकी साक्ष दुसरी कोणती असणार?

हे दार प्रथम किलकिले झाले ते एका मोठ्या आपत्तीमुळे. १९४० च्या जून महिन्यात जर्मन सैन्याने पॅरिस व्यापले. विजेत्यांची दृष्टी या व्यवसायावरही गेली, आणि तो उचलून बर्लिन व व्हिएन्ना या शहरांत न्यावा असा बेत त्यांनी आखला. त्या वेळी व्यवसायाच्या संघाचे अध्यक्षपद ल्युसियँ ललाँग यांच्याकडे होते. त्यांनी या बेतास विरोध केला. त्यांच्या म्हणण्याचा इत्यर्थ असा होता की, ही कला काही दोनचार नामांकित माणसांच्या डोक्यात साठविलेली नाही. बटणे करणारा, पिसे जुळविणारी, भरतकाम करणारी, रेशीम रंगविणारा अशा असंख्य लहान कार्यशाळांच्या परस्परसाहाय्यावर ती उभी आहे. यंत्रे गाडीत घालून नेता येतील, पण पिढ्यान्‌पिढ्या एका ठिकाणी मुरलेले हातांचे कसब तसे नेता येणार नाही. दीर्घ वाटाघाटींनंतर तो बेत बारगळला. व्यवसायाचे खरे भांडवल म्हणजे कारागिरांचे हात होत, ही गोष्ट त्या संकटाने व्यवसायाच्या धुरिणांना स्पष्टपणे बोलून दाखवावयास लावली.

१९४४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस मुक्त झाले. त्या वेळी शहरात कोळसा नव्हता, अन्न अपुरे होते आणि कापडही दुर्मिळ होते. अशा स्थितीत युद्धपीडितांसाठी निधी जमवावा आणि आपली कला जिवंत असल्याचे जगास कळवावे, या दुहेरी हेतूने ‘तेआत्र द ला मोद’, म्हणजे वेशभूषेचे रंगमंदिर, या नावाचे एक प्रदर्शन योजण्यात आले. पूर्ण मापाची वस्त्रे करण्याइतके कापड नसल्यामुळे सुमारे ७० सेंटिमीटर उंचीच्या, तारेच्या बाहुल्या तयार करण्यात आल्या. एल्यान बोनाबेल या तरुणीने त्यांची आकृती रेखाटली, जाँ सँ-मार्तँ यांनी त्या तारेतून वळविल्या आणि क्रिस्त्याँ बेरार या चित्रकाराने साऱ्या प्रदर्शनाची मांडणी सांभाळली. दोनशेहून अधिक बाहुल्यांना पॅरिसच्या नामवंत घराण्यांनी वस्त्रे चढविली. ही वस्त्रे खेळण्यातली नव्हती. माणसाच्या वस्त्रास जे संस्कार होतात ते सारे या चिमुकल्या वस्त्रांस करण्यात आले होते. काजे हातांनी भरलेली होती, त्यांतून बटणे खरोखरच जात होती आणि झग्यांना आतून अस्तरेही होती.

१९४५ च्या मार्च महिन्यात, युरोपातील युद्ध अद्यापि संपले नसताना, लुव्र राजवाड्याच्या एका भागात हे प्रदर्शन उघडले आणि सुमारे एक लाख लोकांनी ते पाहिले. या लोकांपैकी बहुतेकांनी शिवणकलेच्या श्रेष्ठ घराण्यांचा उंबरठा आयुष्यात कधी ओलांडला नव्हता आणि पुढेही ओलांडला नसता. पुढे या बाहुल्या युरोपातील अनेक शहरांत आणि १९४६ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन आल्या. अखेरीस १९५२ साली त्या अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील मेरीहिल संग्रहालयाच्या स्वाधीन झाल्या. ज्या कलेने आपला व्यवहार मूठभर धनिकांपुरता राखला होता, तिला सामान्य जनांच्या कौतुकाची गरज प्रथमच एवढ्या उघडपणे भासली होती.

परंतु बाहुल्यांनी वस्त्र दाखविले. ते घडते कसे, हे दाखविले नाही. ते समजण्यासाठी कार्यशाळेतच शिरावयास हवे. अशा घराण्यांत साधारणतः दोन प्रकारच्या कार्यशाळा असतात. एकीत रेशीम, शिफॉन यांसारख्या मऊ, वाहत्या कापडांचे झगे होतात. दुसरीत कोट, जाकिटे यांसारखी आकार धरून राहणारी, बांधीव वस्त्रे होतात. पहिलीस ‘फ्लू’ आणि दुसरीस ‘तायर’ अशी नावे आहेत. प्रत्येक कार्यशाळेवर एक प्रमुख असते. तिला ‘प्रमिएर’, म्हणजे ‘पहिली’, म्हणतात. तिच्या हाताखाली शिवणाऱ्या स्त्रिया व पुरुष असतात आणि त्यांना जुन्या रिवाजाप्रमाणे ‘लहान हात’ या अर्थाचे फ्रेंच नाव आहे. शिकाऊ मुलगी येथे येते तेव्हा कित्येक महिने तिचा हात साध्या टाक्यांवरच बसविला जातो.

कामाचा आरंभ कल्पकाच्या रेखाचित्रापासून होतो. या चित्रात बारकावा फार थोडा असतो. एखादी खांद्याची रेषा, कमरेचा बाक, घेराचा झोक एवढेच त्यात दिसते. शिवण कोठे घालावी, कापड कोणत्या दिशेने धरावे, हे काही चित्र सांगत नाही. चित्राचा अर्थ लावण्याची जबाबदारी ‘पहिली’वर येते. नाटककाराच्या संहितेत आणि नटाच्या अभिनयात जे नाते असते, तेच येथे रेखाचित्रात आणि शिवणकामात असते. काही थोर शिवणकर्त्यांनी चित्राचा हा टप्पाच टाळला होता. व्हिओने ही एका लहान लाकडी पुतळीवर प्रत्यक्ष कापड गुंडाळून वस्त्राची कल्पना करीत असे.

चित्र समजून घेतल्यावर माणसाच्या धडाच्या आकाराच्या पुतळ्यावर पातळ काळी फीत लावून वस्त्राच्या मुख्य रेषा आखतात आणि त्यांच्या आधाराने सुती कापडात वस्त्राचा कच्चा नमुना उभा करतात. या नमुन्यास ‘त्वाल’ म्हणतात. त्यासाठी वापरले जाणारे कापड म्हणजे आपल्याकडील मांजरपाटाचाच भाऊबंद होय. मौल्यवान रेशीम कापण्यापूर्वी स्वस्त कापडावर चुका करून घ्याव्यात, हा त्यातील व्यवहार तर खराच. परंतु या साध्या कापडाचा दुसराही उपयोग आहे. त्यावर पेन्सिलीची खूण स्पष्ट उमटते, त्याचा उभा-आडवा धागा डोळ्यांना दिसतो आणि रंगाची वा चकाकीची भूल पडत नसल्यामुळे आकारातील दोष तत्काळ उघडा पडतो. कल्पक हा नमुना पाहतो आणि खांदा बोटभर मागे घ्या, कंबर किंचित वर उचला, अशा दुरुस्त्या सांगतो. पुष्कळदा सारा नमुना उसवून पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

येथे धाग्याच्या दिशेचा विचार समजून घेतला पाहिजे, कारण साऱ्या बेतण्याचे मर्म त्यात आहे. विणलेल्या कापडात उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे धागे म्हणजे बाणा. ताण्याच्या दिशेने धरलेले कापड ताठ व सरळ पडते. तेच कापड तिरके, म्हणजे उरेब, धरले की त्यास ताण येतो, ते लवचिक होते आणि अंगाच्या वळणांवरून पाण्यासारखे ओघळते. आपल्याकडील शिंपी गळ्याला उरेब पट्टी लावतो ती याच गुणासाठी. व्हिओनेने १९२० नंतरच्या काळात ही उरेब पट्टी केवळ काठापुरती न ठेवता सारा झगाच उरेब कापडात बेतण्याचे तंत्र परिणतीस नेले. मात्र उरेब कापड लहरी असते. ते आपल्याच भाराने लांबते आणि सर्वत्र सारखे लांबत नाही. म्हणून असा झगा पुष्कळ वेळ टांगून ठेवतात आणि कापड पुरते उतरल्यावरच त्याचा खालचा काठ नीट करतात. वस्त्र घडण्यास जो काळ लागतो, त्यातील काही भाग अशा रीतीने नुसता वाट पाहण्यात जातो.

नमुना पसंत पडला म्हणजे तो उसवून सपाट पसरतात आणि त्यावरून कागदी आराखडा काढतात. मग खरे कापड बेतले जाते. शिवणींच्या आत जे जादा कापड सोडतात त्यास आपले शिंपी ‘माया’ असे सुंदर नाव देतात. तयार कपड्यांच्या कारखान्यात ही माया जेमतेम सोडलेली असते, कारण हजारो कपड्यांच्या हिशेबात अर्ध्या बोटाच्या कापडासही किंमत असते. उच्च शिवणकलेत ती भरपूर ठेवतात. वस्त्र एका विशिष्ट देहासाठी असते, देह काळाने बदलतो आणि वस्त्राने त्या बदलास सामावून घ्यावे अशी अपेक्षा असते. बेतलेले तुकडे प्रथम कच्च्या धावदोऱ्याने टाचतात आणि ग्राहकाच्या अंगावर घालून पाहतात. अशा तपासण्या साधारणतः तीन होतात. नेहमी येणाऱ्या ग्राहकाच्या मापाबरहुकूम फुगवून घेतलेला पुतळाही घराण्यात ठेवलेला असतो. त्यामुळे ती परदेशी असली तरी काम अडत नाही.

वरून न दिसणारे खरे कौशल्य याच्या पुढचे आहे. १९४७ च्या १२ फेब्रुवारीस क्रिस्त्याँ दिओर यांनी आपल्या पहिल्या वस्त्रसंग्रहात ‘बार’ नावाचा पोशाख सादर केला, तो या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. फिकट रंगाच्या रेशमी कापडाचे जाकीट आणि त्याखाली काळ्या लोकरी कापडाचा, भरपूर चुण्यांचा घागरा असे त्याचे स्वरूप होते. जाकिटाची कंबर अत्यंत आवळ आणि कमरेखालचा भाग उमललेल्या फुलासारखा बाहेर झुकलेला होता. रेशमास असा आकार आपण होऊन धरता येत नाही. म्हणून आतून कॅनव्हासचे थर घालावे लागतात; ते लहान लहान तिरक्या टाक्यांनी हाताने बसवून, वाफेच्या इस्त्रीने वळवून, त्यांना देहाचे वळण द्यावे लागते; नितंबावर आतून भरण घालावी लागते. झग्यांच्या बाबतीत कमरेच्या आत एक बळकट फीत बसवितात आणि साऱ्या झग्याचा भार ती फीत पेलते. त्यामुळे खांद्यावर ओझे पडत नाही. शानेल या घराण्याच्या जाकिटांत खालच्या काठाशी आतून एक बारीक साखळी शिवलेली असते. तिच्या वजनाने जाकीट सरळ पडते आणि हात उचलला तरी वर चढत नाही. साध्याशा दिसणाऱ्या दिवसाच्या पोशाखासही शंभराहून अधिक तास लागतात, ते अशा अदृश्य कामापायी.

हे अदृश्य काम लोकांना दाखवावे तरी कसे, हा संग्रहालयांपुढचा प्रश्न होता. जुने वस्त्र उसवून दाखविले तर ते नष्ट होते. २०१७ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने क्रिस्तोबाल बालेन्सियागा यांच्या वस्त्रांचे प्रदर्शन भरविले, तेव्हा या प्रश्नाचे एक सुरेख उत्तर सापडले. १८९५ मध्ये स्पेनमधील एका लहान मासेमार गावात जन्मलेले बालेन्सियागा हे बेतणे, टाचणे व शिवणे ही सारी कामे स्वतःच्या हातांनी करू शकणाऱ्या थोड्या शिवणकर्त्यांपैकी एक. त्यांच्या झग्यांची क्ष-किरण छायाचित्रे निक व्हीझी या छायाचित्रकाराने घेतली. वैद्य रोग्याची हाडे पाहतो तशी त्या छायाचित्रांत झग्याची हाडे दिसली. चोळीतील ताठ पट्ट्या आणि घेराला झोक देणारी लहान वजने एकाएकी उघडी झाली. याच प्रदर्शनासाठी लंडन येथील वेशकलेच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी जुन्या वस्त्रांवरून आराखडे काढून मांजरपाटी नमुने तयार केले, आणि सपाट कापड वळत वळत वस्त्र कसे होते ते चलत्‌चित्रांतून दाखविण्यात आले. १९६१ च्या सुमारास बालेन्सियागा यांनी केवळ एका शिवणीचा कोट बेतला होता. तो पाहून सामान्य मनुष्य ‘साधा कोट’ म्हणून पुढे गेला असता. आराखडा पाहिल्यावर मात्र त्या साधेपणामागची बुद्धी ध्यानात येते.

आता वस्त्राच्या पृष्ठभागाकडे वळावे. तेथील शोभा बहुधा शिवणाऱ्यांच्या कार्यशाळेत होतच नाही. ती होते ललाँग यांनी ज्यांचा दाखला दिला होता त्या स्वतंत्र लहान कार्यशाळांत. लोन्यों या घराण्यात घडीच्या कागदी साच्यांमध्ये कापड दाबून व वाफ देऊन चुण्या पाडतात. लमारिए येथे पिसांची आणि कापडी फुलांची कामे होतात. लसाज हे घराणे भरतकामासाठी विख्यात आहे. १९८८ मध्ये ईव्ह सँ लोराँ यांनी व्हॅन गॉग या चित्रकाराच्या आयरिस फुलांवरून एक जाकीट कल्पिले, त्यावरील भरतकाम लसाज येथेच झाले. त्यात सुमारे अडीच लाख टिकल्या आणि दोन लाख मणी आहेत आणि त्यास ६०० तास लागले. रंगचित्रातील कुंचल्याचे फटकारे सुईने उतरवावयाचे म्हणजे प्रत्येक टिकलीची छटा व तिचा कल ठरवावा लागतो. गणिती श्रमाबरोबरच चित्रकाराची दृष्टीही त्यास हवी.

या भरतकामाचे एक प्रमुख साधन म्हणजे टोकाशी आकडा असलेली बारीक सुई. फ्रान्समधील ल्युनेव्हिल गावावरून तिच्या कामास ‘ल्युनेव्हिल’ असे नाव मिळाले आहे. चौकटीवर ताणलेल्या कापडाची उलट बाजू वर ठेवून कारागीर काम करते. मणी व टिकल्या खालच्या बाजूस बसत जातात. म्हणजे तासन्‌तास ती जे घडवीत असते, ते तिच्या डोळ्यांपुढे नसतेच. बोटांच्या स्पर्शावर आणि मोजणीवर तिला विसंबावे लागते. भारतीय वाचकास ही आकड्याची सुई अपरिचित वाटणार नाही. आपल्याकडील आरीचीच ती बहीण होय. आकड्याने साखळीटाका घालण्याची ही पद्धत अठराव्या शतकात पूर्वेकडून, विशेषतः भारतातून, युरोपात पोचली असे मानले जाते. नक्षीच्या रेषांवर टोचे पाडलेला कागद कापडावर ठेवून त्यातून भुकटी घासण्याची रीतही दोहींकडे सारखीच आहे. आपले कारागीर त्या कागदास ‘खाका’ म्हणतात.

हा धागा शतकांनंतर पुन्हा भारताशी जोडला गेला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून युरोपातील अनेक वेशभूषा-घराण्यांची भरतकामे मुंबईतील कार्यशाळांत होऊ लागली. आरी आणि जरदोजीचे कसब वंशपरंपरेने जपलेले कारागीर, ज्यांत उत्तर प्रदेश व बंगालमधून आलेले पुष्कळ आहेत, कारचोबच्या चौकटीभोवती बसून ही कामे करीत आले. पण पॅरिसच्या दर्शनात ते वस्त्र झळके, तेव्हा मुंबईचे नाव कोठेही घेतले जात नसे. ही स्थिती अलीकडे थोडी पालटू लागली आहे. मुंबईच्या चाणक्य या भरतकाम-संस्थेने २०१६ मध्ये एक शाळा काढून, पूर्वापार पुरुषांच्या हाती असलेली ही कला स्त्रियांना शिकविण्यास प्रारंभ केला. २०२० च्या जानेवारीत दिओर घराण्याच्या उच्च शिवणकलेच्या दर्शनासाठी जूडी शिकागो या अमेरिकन कलावतीने कल्पिलेल्या पताका या शाळेतील विद्यार्थिनींनी भरल्या. आणि दर्शनानंतर पॅरिसमधील तो मंडप काही दिवस लोकांस खुला ठेवण्यात आला. २०२३ च्या ३० मार्चला त्याच घराण्याने मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर एका वस्त्रसंग्रहाचे दर्शन योजिले. तो संग्रह उच्च शिवणकलेच्या कायदेशीर व्याख्येत बसणारा नसून तयार वस्त्रांचा होता. तथापि ज्या शहरात भरतकाम झाले त्याच शहरात, त्याचा नामनिर्देश करून, ते दाखविले गेले, याचे महत्त्व कमी नाही. वेशीवर लावलेले भव्य तोरणही मुंबईच्या कारागिरांच्या हातचे होते.

पॅरिसमध्ये तर गेल्या काही वर्षांत या कलेची दारे बरीच मोकळी झाली आहेत. २०१७ मध्ये ईव्ह सँ लोराँ यांच्या जुन्या कार्यस्थानी त्यांचे संग्रहालय उघडले. तेथे त्यांची कामाची खोली, कापडांचे नमुने व पुस्तके यांसह, जतन केलेली आहे. त्याच वर्षी सुरू झालेले दिओर यांच्या वस्त्रांचे प्रदर्शन सात लाखांहून अधिक लोकांनी पाहिले. पांढऱ्या मांजरपाटी नमुन्यांनी भरलेले दालन हे त्यातील एक मोठे आकर्षण होते. २०२२ च्या आरंभी शानेल घराण्याने पॅरिसच्या उत्तर सीमेवर बांधलेल्या वास्तूचे कलादालन लोकांसाठी उघडले. रूदी रिच्योत्ती या वास्तुशिल्पज्ञाने तिची रचना केली असून, काँक्रीटच्या उभ्या धाग्यांनी ती सर्व बाजूंनी वेढलेली आहे. लसाज, लमारिए, लोन्यों आदी कार्यशाळा तेथे एकत्र आल्या आहेत, आणि लोकांना प्रदर्शने पाहता येतात, तसेच कारागिरांच्या मार्गदर्शनाखाली स्वतः सुई हाती धरून पाहता येते.

या औदार्यात स्वार्थाचा अंश नाही असे म्हणता येणार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर शंभराच्या घरात असलेली उच्च शिवणकलेची घराणी १९६० नंतरच्या दशकात विसाच्या आसपास आली. वस्त्रे विकत घेणाऱ्या स्त्रियांची संख्या रोडावली. आज या घराण्यांचे उत्पन्न मुख्यतः अत्तरे, हातपिशव्या आणि तयार कपडे यांवर चालते, आणि हस्तकौशल्याच्या कीर्तीचा त्या विक्रीस उपयोग होतो. प्रदर्शन हे या अर्थी जाहिरातही असते. त्यात टाका दिसतो. टाका घालणाऱ्याचे वेतन, त्याच्या कामाचे तास किंवा त्याच्या डोळ्यांवर पडणारा ताण दिसत नाही. ६०० तासांचा आकडा फलकावर अभिमानाने लिहिला जातो, पण ते तास कोणाचे, हे तेथे क्वचितच लिहिलेले आढळते. कारागिरांच्या नावांची ही उणीव भरून निघेपर्यंत अशा प्रदर्शनांचे काम अपुरेच म्हणावे लागेल.

असे असूनही त्यांचा लाभ मोठा आहे, आणि तो केवळ त्या घराण्यांपुरता नाही. हस्तकला जगते ती दोन गोष्टींवर: ती शिकण्यास कोणीतरी तरुण पुढे आले पाहिजे आणि तिची पारख करणारा समाज असला पाहिजे. बंद दाराआडची कला पाहून कोणास ती शिकण्याची इच्छा होणार नाही. लसाज घराण्याने १९९२ मध्ये भरतकामाची शाळा काढून ती बाहेरच्या लोकांसही खुली केली, त्यामागे हीच जाणीव होती. पारखीचे म्हणाल तर, ज्याने एकदा मांजरपाटी नमुना उसवताना पाहिला, कॅनव्हास वाफेने वळताना पाहिला, त्याची वस्त्राकडे पाहण्याची दृष्टी कायमची बदलते. पॅरिसचे जाकीट त्याच्या वाट्यास कधी येणार नाही. परंतु गल्लीतल्या शिंप्याकडून आलेला झंपर वा सदरा तो आता उलटा करून पाहील. धागा सरळ धरला आहे की नाही, माया पुरेशी सोडली आहे की नाही, काज कसे भरले आहे, हे त्याला कळू लागेल. आणि शिंपी चार दिवस अधिक का मागतो, हेही उमगेल. हातांच्या कामाचे मोल समाजास पटवून देण्याचा, वस्त्राची आतली बाजू दाखविण्याइतका सोपा आणि प्रामाणिक मार्ग दुसरा क्वचितच असेल.